उजव्या हाताची चोरी

नसांना किंवा मणक्याला मार बसलेल्या मुलांकडून व्यायाम करून घेणाऱ्या त्या बाईंना दवाखान्यात सगळे चोरताई म्हणत, आणि हे नाव त्यांनी कष्टाने कमावलं होतं. लहानपणी वरच्या फळीवरचा बिस्किटांचा डबा गाठायला त्यांनी काय काय उद्योग केले, ते त्यांची आई अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवते. या कार्टीचं पुढे कसं व्हायचं, या काळजीने तेव्हा आईच्या जिवाला घोर लागला होता. झालं एवढंच की त्याच कलेवर कार्टीला नोकरी लागली.

‘हात वर कर’ म्हटलं की मुलं कंटाळतात, रडतात, नाहीतर अख्खं अंग वाकडं करून आपल्याला गंडवतात, हे त्यांना पहिल्याच वर्षी कळून चुकलं. म्हणून त्या व्यायाम शिकवतच नसत, सरळ चोरी शिकवत. चोरी दुखऱ्या हातानेच करायची. वाकायचं नाही, टाचा उचलायच्या नाहीत. कोणी बघत असेल तर हात हलवायचाच नाही. आणि घरी जाण्याआधी माल परत करायचा, तो मात्र राजरोस, सगळ्यांसमोर.

मुंगी त्यांची सर्वांत साळसूद दिसणारी शिष्या. वय वर्षं सात. झोपाळ्यावरून पडताना मानेजवळची नस ताणली गेली आणि उजवा हात लुळा पडला. नस आता हळूहळू सुधारत होती, पण तोवर हात चालता राहिला नाही तर खांदा आखडून बसणार होता. पहिल्या महिन्यात तिने चोरताईंच्या कमरेच्या खिशातला रुमाल लांबवला, पुढे टेबलावरच्या डब्यातली किल्ली. प्रत्येक चोरीच्या उंचीला चोरताई दाराच्या चौकटीवर पेन्सिलने रेघ मारत. गेले पंधरा दिवस रेघ छातीपाशी अडून होती.

तीन महिने भरले आणि मोठे डॉक्टर तपासायला आले. प्रगती दिसली नाही तर मुंगीची वेळ दुसऱ्या मुलाला द्यायची, असं ठरलेलं होतं. यादीत चाळीस मुलं ताटकळत होती, त्यामुळे डॉक्टरांवर रागावायचीही सोय नव्हती. ते उभ्या मुंगीसमोर बुटक्या स्टुलावर बसले, नाकावरून घसरणारा सैल चष्मा सारखा केला, कोन मोजायची पट्टी हातात घेतली आणि म्हणाले, “हात वर कर बघू.”

मुंगी ढिम्म. त्यांनी पुन्हा सांगितलं, गोडीत सांगितलं. तिला घेऊन येणारा मामा कोपऱ्यातून काकुळतीने सांगू लागला की घरी हिच्यामुळे माझा कंगवा जागेवर राहत नाही. असलं काहीतरी प्रत्येक मुलाचे नातेवाईक सांगतात, आणि चौकटीवरच्या रेघा कशा चढत गेल्या हे काही डॉक्टरांनी स्वतः पाहिलं नव्हतं.

चोरताईंना मात्र कळलं, पोरीचं काहीच चुकत नव्हतं. तीन माणसं डोळे फाडून तिच्याकडे बघत होती, आणि कोणी बघत असताना हात हलवायचा नाही, हे त्यांनीच तिच्याकडून घोटून घेतलं होतं. आपल्याच हाताने आपण पोरीच्या हातात बेडी घातली, असं वाटून त्यांना रडू फुटायची वेळ आली. पण रडण्यापेक्षा बरं काम समोर होतं. लाकडी खुंट्यांनी भरलेल्या पत्र्याच्या डब्याला त्यांनी कोपराने बेमालूम धक्का दिला.

डबा असा काही आदळला की मामा जागच्या जागी उडाला. खुंट्या खोलीभर पांगल्या. डॉक्टरांनी वळून पाहिलं, चोरताईंना दोन शब्द सुनावले आणि ते तपासणीच्या कागदाकडे वळले. शेरा लिहायला त्यांनी सदऱ्याच्या वरच्या खिशाकडे हात नेला. खिसा रिकामा होता. त्यांनी कागदाखाली पाहिलं, स्टुलाखाली पाहिलं.

मुंगीने उजव्या मुठीतलं पेन पुढे केलं. परत करताना लपायचं नसतं, तेव्हा सगळ्यांच्या देखत तिचा हात हळूहळू खांद्यापर्यंत चढला आणि पेन खिशात सोडून खाली आला. डॉक्टर बघतच राहिले. पट्टी मांडीवर तशीच पडून होती.

“परत एकदा चोर,” ते म्हणाले.

“तुम्ही बघताय ना.”

डॉक्टरांनी चोरताईंकडे पाहिलं. चोरताई खाली वाकून फार मन लावून खुंट्या गोळा करत होत्या. मामाने भिंतीकडे तोंड फिरवलं. मग एवढा दरारा असलेल्या त्या डॉक्टरांनी गुपचूप डोळे मिटून घेतले. बराच वेळ काही झालं नाही. चोरताईंनी मात्र खुंट्यांच्या आडून चोरून पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या.

डॉक्टरांनी डोळे न उघडताच खिसा चाचपला. पेन होतं. ते हिरमुसले आणि त्यांनी डोळे उघडले, तर समोरची मुंगी, मामा, भिंत, सगळंच धूसर दिसत होतं.

त्यांचा चष्मा गेला होता.