मापारीमामांनी हरवलेली निवडणूक

एखाद्याला कुणी ‘चांगला माणूस’ म्हटलं की मापारीमामांच्या कपाळावर आठी पडायची. “व्हय, चांगला. पण कशाला चांगला?” ते लगेच विचारायचे. “सोयरीक जुळवायला चांगला, का भजनाला चांगला? का नुस्ताच समोर बसलाय म्हून चांगला?” बोलणारा तंबाखू मळायला लागे. भाटघरच्या शाळेत मी मास्तर म्हणून आलो तेव्हा मलाही त्यांनी असंच तपासलं होतं. ‘अक्षराला बरा’ एवढा दाखला मिळवायला मला दोन वर्षं लागली.

खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी मिळून भात विकण्यासाठी एक संघ काढला होता. सुगी झाली की सगळ्यांचं भात संघाच्या वखारीत यायचं आणि मामा ते पायलीनं मापायचे. मापायचे आणि मोठ्यानं मोजायचे. पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं, अशी रीतच होती. “लाभ... दोन... तीन...” असा त्यांचा खणखणीत आवाज रस्त्यापर्यंत ऐकू येई. मामांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण त्यांनी मोजलेलं भात कुणी पुन्हा मोजून घेतल्याचं मला आठवत नाही.

महायुद्धाच्या दिवसांत संघाचे जुने अध्यक्ष वारले आणि निवडणूक लागली. सरकार त्या वेळी भात सक्तीनं उचलत होतं आणि किती द्यायचं ते संघाचा अध्यक्ष साहेबाशी बोलून ठरवी, त्यामुळे अध्यक्ष कोण होतो यावर घरात खायला किती राहणार हे ठरणार होतं. एका बाजूला भोरच्या पेठेतले अण्णा, भात सडायच्या गिरणीचे मालक. दुसऱ्या बाजूला वेल्ह्याकडचे दादा, स्वतः चिखलात उतरून लावणी करणारे. मी दादांच्या बाजूचा. पत्रकं लिहायची, सभेत बोलायचं, गावोगाव हिंडायचं, ही सगळी कामं मी हौसेनं अंगावर घेतली होती.

वखारीच्या ओट्यावर रोज उमेदवारांची चिरफाड चाले आणि तिथे मामांचा शब्द शेवटचा. कुणी म्हणालं, अण्णा साहेबाशी इंग्रजीत बोलतात. मामा म्हणाले, “बोलू द्या. पण काय बोलत्यात ते आपल्याला कळतंय का? आपलं भात आपल्या म्होरं त्यांनी कवडीमोलानं दिऊन टाकलं तरी आपण माना डोलवणार.” मी खूश होऊन दादांचं गुणगान सुरू केलं, तर मामा माझ्यावरच उलटले. “दादा तापट हाय, मास्तर. अध्यक्षाला दुसऱ्याचं ऐकून घेता आलं पायजे.” मी चिडून विचारलं, “मामा, तुम्ही आहात तरी कुणाच्या बाजूचे?” ते शांतपणे म्हणाले, “म्या वखारीच्या बाजूचा.”

असे पंधरा दिवस त्यांनी माझा जीव खाल्ला. मग एका बाजाराच्या दिवशी भर ओट्यावर त्यांनी निकाल दिला. मागच्या वर्षी कापूरहोळच्या नाक्यावर नाकेदारानं संघाच्या भाताच्या गाड्या अडवल्या होत्या, तेव्हा दादा दोन दिवस गाडीवानांबरोबर रस्त्यात बसून राहिले आणि कुणाचे हात ओले न करता गाड्या सोडवून आणल्या. तो प्रसंग सांगून मामा म्हणाले, “तापट हाय, पर जागचा हलत न्हाई. सोयरीक करायची असती तर म्या इचार केला असता. अध्यक्ष म्हून दादाच.” मला वाटलं, आता आपण जिंकलो.

पण तोवर अण्णांच्या माणसांनी घरोघर ताट फिरवायला सुरुवात केली होती. ताटात बेलाची पानं आणि भंडारा. मतदारानं तो बेलभंडारा उचलायचा आणि ‘माझं मत अण्णांना’ असं देवासमोर बोलायचं. काहींना आधी मटणाचं जेवण घातलं, काहींना नुसती गळ घातली. दारात आलेलं देवाचं ताट परत कसं पाठवायचं, म्हणून लोकांनी उचललं. आमच्या बाजूच्या पोरांनीही ताट तयार करून माझ्या हाती दिलं. मामांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि भंडारा वखारीतल्या देवाला वाहून टाकला. “देवाला उमेदवाराचा जामीन करता व्हय? मास्तर हायसा का कोण?” माझ्या शाळेतली पोरं बघत होती. मी लाजेनं आणि रागानं लाल झालो.

मतदानाच्या आदल्या दिवशी पलीकडच्या वाडीची अकरा माणसं धरणाच्या पाण्यातून होडीनं आली. वाडीतले संघाचे सभासद तेवढेच. त्यांचा म्होरक्या ओट्याखाली उभा राहिला आणि म्हणाला, “मामा, आमी भंडारा उचलून बसलो. तुमचं बोलणं आमच्या कानावर मागनं आलं. आमाला दादाच पायजे. मत तर पडद्याआड द्यायचंय, कुणाला कळायचं न्हाई. तुमी व्हय म्हना, पाप तुमच्यावर न्हाई, आमच्यावर.”

या अकरा मतांवरच सगळं अडलं होतं, हे मी बोटांवर दहादा मोजलं होतं. मामांनी अकराही जणांकडे एकेकदा बघितलं. मग म्हणाले, “उचलायला नगं हुतं.”

“व्हय, चुकलं.”

“चुकलं खरं. पर शबूद दिलाय न्हवं? मग तो पाळा.”

मी ओरडलोच. “मामा, डोकं फिरलंय का तुमचं? फसवून घेतलेली शपथ ती! तिला कसली किंमत?”

मामा माझ्याकडे वळले. “मास्तर, म्या तोंडानं मोजतो आन् समदं खोरं इश्वास ठेवतं. का ठेवतं? हितं तोंडातनं गेलेला शबूद माघारी येत न्हाई म्हून. आज म्या ह्यांना म्हनलं, कुणी बघत न्हाई, मोडा. तर उद्या माझं माप कोन मानंल?”

अकराजण मान खाली घालून होडीकडे गेले. मी त्यांच्या मागे काठापर्यंत धावलो, विनवण्या केल्या. म्होरक्या एवढंच म्हणाला, “मामा म्हनलं की झालं.”

मतदान असं व्हायचं: वखारीत पडद्यामागे दोन मडकी ठेवलेली, उमेदवाराच्या नावाची खूण म्हणून एकाच्या गळ्याला लाल कापड, दुसऱ्याच्या पांढरं. प्रत्येकानं आत जाऊन हातातली सुपारी एका मडक्यात टाकायची. मोजणी अर्थात मामांनी केली. आधी दादांचं मडकं मोजलं, मग अण्णांचं. “लाभ... दोन... तीन...” नेहमीचाच खणखणीत आवाज, कुठे अडखळला नाही की खाली आला नाही. दादा नऊ सुपाऱ्यांनी पडले; वाडीची अकरा इकडे आली असती तर तेरांनी जिंकले असते. पडद्याआड कुणीही बघत नसताना त्या अकरा माणसांनी आपला शब्द पाळला होता. त्या क्षणी मला त्यांचा अभिमान वाटायला हवा होता. मला मामांचा गळा धरावासा वाटला.

अण्णांनी गादीवर बसताच वखारीत वजनाचा काटा आणला आणि मापाऱ्याची जागा रद्द केली. नव्या काट्यावर आमचं भात दरवेळी थोडं कमी भरू लागलं. काट्यात खोट होती की त्यावर बसलेल्या माणसात, हे कुणालाच सिद्ध करता आलं नाही. मामा वेल्ह्याजवळ लेकीच्या घरी राहायला निघाले. त्यांची गाडी शाळेवरून गेली तेव्हा मी फळ्यावर लिहीत होतो. गाडी थांबल्याचा आवाज आला. “मास्तर, येतो,” त्यांनी हाक मारली. मी वळलो नाही. खडू तसाच फळ्यावर ओढत राहिलो. थोड्या वेळानं गाडी पुढे गेली.

पुढच्या निवडणुकीला अण्णा पुन्हा उभे राहिले आणि पुन्हा ताट फिरलं. पलीकडच्या वाडीत ते कुणी उचललं नाही. “आमी भंडारा उचलला की शबूद पाळावा लागतो,” म्होरक्यानं अण्णांच्या माणसांना तोंडावर सांगितलं आणि ताटाला हात जोडून परत पाठवलं. ही बातमी आसपासच्या गावांत पसरली, तिथेही ताटं परत फिरली. खोरं मोकळं झालं होतं. मी धावत वेल्ह्याला गेलो, दादांना उभं राहायला सांगायला. दादा म्हणाले, “मास्तर, एकदा पडलो तेवढं बास झालं. आता मला त्यात ओढू नका.” दुसरं कुणी पुढे आलं नाही. मतं मोकळी होती आणि ती ज्याला द्यायची असा माणूस नव्हता. अण्णा बिनविरोध निवडून आले.

परतताना मामांच्या लेकीचं घर विचारत गेलो. म्हटलं, आता मनसोक्त भांडायचं. म्हणायचं, बघा, तुमच्या त्या शब्दापायी काय झालं ते. लेकीनं ओसरीवर घोंगडी टाकली, पाणी दिलं आणि म्हणाली, “आबा गेलं की, दिवाळीच्या आदुगर. तुमाला कुणी कळवलं न्हाई व्हय?” मी पाण्याचा तांब्या हातात धरून बसून राहिलो. भांडायला आलो होतो, हे तिला कसं सांगणार?