वयनी, पूल आला

आईच्या अस्थी घेऊन आम्ही बाळापूरहून निघालो तेव्हा गाडीच्या केबिनमध्ये तिघं होतो. बाबा स्टिअरिंगवर, खिडकीशी आत्या, आणि मधे मी, मांडीवर लाल कापड बांधलेलं मडकं घेऊन. गाडी आमची फुलांचीच. रोज पहाटे हीच गाडी झेंडू, शेवंती, गुलाब घेऊन अकोल्याच्या बाजारात जाते, त्यामुळे केबिनला कायम ओल्या फडक्याचा वास. मागचा हौदा रिकामा होता. मडकं मागं नीट बांधून ठेवू या का, असं मी निघताना विचारलं, तर आत्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट केबिनमध्ये चढले.

मडकं वाटेत कुठं जमिनीला टेकवायचं नाही, हा आत्याचा पहिला हुकूम. दुसरा त्याहून अवघड. वाटेत नदी येवो, गाव येवो, वळण येवो, ते आईला मोठ्यानं सांगत जायचं. गेलेल्या माणसाला वाट ठाऊक नसते, आपण सांगत गेलो तर ते मागं मागं येतं, नाही तर मधेच कुठं तरी अडकून पडतं. आणि ज्याच्या मांडीवर मडकं, त्यानंच सांगायचं.

"मले नाही जमनार," मी म्हणाले.

"काहून नाही जमनार? लोकायच्या पोरायले गनित शिकवता येते, आन सोताच्या मायले दोन शब्द सांगता येत नाही?"

मी अमरावतीला राजापेठेत एका क्लासमध्ये गणित शिकवते, हे आत्या कधीही कौतुकानं बोलत नाही. मग तिनंच सुरुवात केली. गाव सुटलं तशी मडक्याकडे वाकून म्हणाली, "वयनी, निंघालो बरं. पूल आला." मला लाज वाटली. बाबांनी ऐकलं न ऐकलं केलं आणि गिअर बदलला.

आमच्या घरात कुणाला बसता येत नाही. फुलं तोडायला पहाटेच निघावं लागतं, कारण फूल कुणाची वाट पाहत नाही. आज तोडलं नाही तर उद्या त्याला कोण विचारतो? लग्न असो, मयत असो, ताप असो, पहाटे वाफ्यात कुणी तरी लागतंच. त्यामुळे माझ्या आईवडिलांनी जन्मात कधी मुक्कामाची सहल केली नाही. सुट्टीचा दिवस वर्षातून एकच, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीचा. दसरा-दिवाळीचा झेंडू संपलेला असायचा आणि शेवंती नुकती लागलेली. त्या दिवशी पहाटे घाईघाईत थोडीबहुत फुलं उरकून आम्ही चिखलदऱ्याला जायचो, आणि दुसऱ्या पहाटेच्या तोडणीसाठी त्याच दिवशी परत यायचो.

चिखलदऱ्याला लोक पॉइंट बघतात, तलाव बघतात, रबडी खातात. आईला यातलं काहीच नको असायचं. एका वर्षी घाटात गाडी तापली आणि आम्हाला एका वळणावर थांबावं लागलं. तिथं दगडी कठडा होता, रस्त्याखालच्या मोरीतून एक झरा वाहत होता आणि समोर पश्चिमेला दरी उघडी पडली होती. आई कठड्यावर बसली. तिचे हात मांडीवर नुसते पडलेले होते. घरी टीव्हीसमोर बसली तरी तिच्या हातात सुईदोरा आणि पुढ्यात फुलांचा ढीग असायचा, त्यामुळे ते रिकामे हात मी टक लावून पाहिलेले आठवतात. त्यानंतर दर वर्षी आमची सहल म्हणजे ते वळण. भाकर, ठेचा, कांदा तिथंच.

आणि दर वर्षी ऊन उतरायला लागलं की बाबा उठायचे. "निंघा निंघा. अंधाराच्या आंधी घाट उतरा लागते." सूर्य दरीवर टेकायच्या आत आम्ही खाली परतवाड्याला पोचलेलो असायचो. एकदा गाडीत चढताना आई हसत म्हणाली होती, "मी मेली की मले इथंच ठेवजा. मंग कोनी निंघा निंघा म्हननार नाही." आम्ही सगळे हसलो होतो. यंदा पावसाळ्यात आजारपणात तिनं तेच वाक्य पुन्हा म्हटलं. या वेळी ती हसली नाही, आणि बाबाही हसले नाहीत.

आई गेली ती दसऱ्याच्या तोंडावर. सुतकात फुलं तोडायला शेजारपाजारचे आले. राख सावडून अस्थींचं मडकं रिवाजाप्रमाणे घरात न आणता बांधावरच्या कडुनिंबाला टांगलं. दहाव्याला सगळे म्हणाले, कौंडण्यपूरला नेऊ, नाही तर जवळच्या पूर्णेत सोडू. बाबा एवढंच म्हणाले, "भाऊबीज होऊ द्या." आत्या भडकली. अस्थी अशा झाडाला टांगून सणवार करतात का? पण बाबा हलले नाहीत. दसऱ्याचा झेंडू त्यांनी त्याच झाडाखाली बसून गोळा केला, दिवाळीचाही.

माझा मात्र जीव थाऱ्यावर नव्हता. वर्गात फळ्यावर त्रिकोण काढताना मला ते झाडाला लोंबणारं लाल गाठोडं दिसायचं. वारा सुटला की वाटायचं, आता दोरी तुटेल. मी बाबांना रोज फोन करून विचारायचे, आणि ते रोज म्हणायचे, "हाय तिथंच. कुठं जाते?" एकदाचं ते उरकून टाकावं, असं मला झालं होतं. मी त्या घरचीच मुलगी. थांबणं मला शिकवलंच नव्हतं कुणी.

अकोल्यात मोर्णेचा पूल आला. नदीत नेहमीसारखी हिरवी जलपर्णी माजलेली, वरून घाण वास. आत्या म्हणाली, "वयनी, मोर्णा आली. नाक दाबून चाला." बाबा एकदम फिसकन हसले आणि मलाही हसू फुटलं. हसताना मडकं हललं तसं मी घाबरून दोन्ही हातांनी धरलं.

पूर्णेच्या पुलाशी मात्र आत्यानं बाबांच्या हातावर हात ठेवला. "दादा, थांब जराशी. हे पाह्य कसं वाहतं पानी हाय. इथं सोड न. तिथं वर झऱ्यात काय हाय? वाहून नाही गेलं त? जंगलवाल्यायनं धरलं त?"

मी मनातून म्हणत होते, थांबा बाबा. इथंच होऊन जाऊ द्या. संध्याकाळच्या आत मी राजापेठेत पोचले असते. बाबांनी गाडी हळू केली. पुलाच्या मधोमध ती जवळजवळ थांबली, मागून कुणी तरी हॉर्न वाजवायला लागलं. मग ते म्हणाले, "तिनं पूर्णेचं नाव घेतलं होतं का?" आणि गाडी पुढं निघाली. आत्यानं तोंड खिडकीकडे फिरवलं. आईला पूल आल्याचं सांगायचंही विसरली. मला राहवेना. ओठातल्या ओठात मीच म्हटलं, आई, पूर्णा.

अकोटला चहाला थांबलो. मडकं टेकवायचं नसल्यामुळे मी केबिनमध्येच बसले. बाबा माझ्यासाठी चहा घेऊन आले, माझ्या हातात दिला आणि दाराशी उभे राहिले. मग त्यांनी खिडकीतली पाण्याची बाटली उचलली, ओंजळीत पाणी घेतलं आणि मडक्यावरच्या लाल कापडावर शिंपडलं. एकदा, दोनदा, वरून, मग बाजूनं. बाजाराच्या वाटेवर फुलांच्या गाठोड्यांवर शिंपडतात अगदी तसं, सुकू नये म्हणून. माझी मांडी ओली झाली.

"बाबा, काय करून राह्यले?"

त्यांनी हाताकडे पाहिलं. बाटली बंद केली. "सवय हाय," म्हणाले आणि तोंड वळवून रस्ता ओलांडून गेले. त्यांना तसं पाठमोरं जाताना पाहून मला रडू आलं. आई गेल्यापासून मी कामाच्या नादात नीट रडलेच नव्हते. आत्या परत आली तेव्हा तिनं माझं तोंड पाहिलं, ओलं कापड पाहिलं, आणि आपल्या पदरानं माझी मांडी टिपली.

परतवाड्यानंतर घाट लागला. आता सांगायचं काम मी घेतलं. "आई, वळण आलं." पुन्हा वळण. "आई, वळण." आधी जीभ अडखळत होती, मग सराव झाला. काही वळणांवर माकडं बसलेली होती, ती पण सांगितली. आत्या म्हणाली, "माकडं नाही सांगा लागत," पण तिचा आवाज मऊ होता.

वळणावर पोचलो तेव्हा उन्हं कलायला लागली होती. कठडा तोच. झरा मात्र बारीक, बोटभर पाणी. बाबा चप्पल काढून मोरीशी उतरले, मी मागोमाग. त्यांनी कापड सोडलं आणि मडकं हळूच कलतं केलं. राख पाण्यात पडली, जराशी फिरली, आणि एका दगडाआड जाऊन बसली. पुढं जाईना. मी वाट पाहिली. मग काटकी शोधली आणि ढकलायला वाकले.

"राहू दे," बाबा म्हणाले.

"पन वाहून नाही ना जाऊन राह्यली."

"राहू दे म्हनलं ना. तिले जाची घाई नाही."

वरून आत्या सांगत होती, आता मागं वळून न पाहता चला. बाबा वर आले आणि कठड्यावर बसले, आई बसायची तिथंच. मी शेजारी उभी. बसवेना. मोबाइल काढला, ठेवला. दोन पावलं इकडे, दोन तिकडे. आत्या गाडीत जाऊन बसली. सूर्य खाली येत होता आणि दर वर्षी ज्या घटकेला बाबा उठायचे ती घटका आली आणि गेली. शेवटी मीच म्हणाले, "बाबा, निंघा लागते. अंधार होईन. उद्याची शेवंती?"

"एक दिवस झाडावर राह्यली त काय होते?"

हे वाक्य आमच्या घरात याआधी कुणी उच्चारलं असेल असं मला वाटत नाही. मी बसले. सूर्य दरीवर टेकला, लाल झाला आणि गेला. एवढंच होतं ते. ती इतकी वर्षं यासाठीच थांबू पाहत होती का, की तिला नुसतं बसायचं होतं, मला कळलं नाही, आणि आता विचारायला कुणी नव्हतं. बाबांनी डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. दरी पार काळी झाली तेव्हा ते उठले.

उतरताना दिवे लावावे लागले. माझी मांडी रिकामी होती आणि हातांना काय करावं ते कळत नव्हतं. पहिलं वळण आलं. दिवसभराच्या सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, वळण आलं."

बाबांनी कचकन ब्रेक मारला. गाडी रस्त्यातच थांबली.

"नोको सांगू," ते म्हणाले. "सांगू नोको तिले. मांगं येईन ना."

त्यांनी पुन्हा गाडी सुरू केली. आत्यानं पदर तोंडाला लावला. पुढची सगळी वळणं मी ओठ दाबून उतरले.