लाल प्लास्टिक, कोराडीची राख आणि गजूभाऊ

माझा समोरचा दात पाडणारा माणूस आज सकाळी गेला.

गजूभाऊ. कोराडीच्या पॉवर हाउस कॉलनीतला आमचा शेजारी.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. ॲग्रिकल्चर कॉलेज अर्ध्यात सोडून मी घरी बसलो होतो. डोकं कायम गरम. आणि जीव गजूभाऊच्या बहिणीवर. मंदावर.

कॉलेजात एकच गोष्ट लक्ष देऊन ऐकली होती. टमाटरखाली लाल प्लास्टिक अंथरलं की ऊन खालून पानांवर उलटतं, फळ जास्त धरतं.

मंदाच्या बाबांना टमाटरचं भारी वेड. मी नागपूरच्या इतवारी बाजारातून लाल प्लास्टिक आणलं आणि त्यांच्या परसात अंथरून दिलं.

पण पॉवर हाउसची राख! ती बसली की लाल रंग गायब. मग मी रोज सकाळी ओलं फडकं घेऊन हजर. मंदा पाण्याची बादली आणून द्यायची.

बस. तेवढंच.

एका सकाळी गजूभाऊनं कॉलर धरली.

"काहून बे, बाजूच्या वांग्यांवर राख नाही, अन् या प्लास्टिकवरच कशी पडून राहिली? तूच टाकतो ना?"

"मी नाही टाकत, भाऊ."

"खोटं बोलतो?"

पहिल्याच ठोशात दात गेला. मीही डोकं त्याच्या नाकावर हाणलं. दोघंही वाफ्यात. प्लास्टिक टराटरा फाटलं, झाडं अंगाखाली चिरडली. त्यानं टमाटरच्या आधाराची काठी उपसली आणि माझ्या बरगडीत घातली.

"राख मी टाकते!"

दारात मंदा.

"शेगडीतली. रोज सांजच्याले. हा सकाळी यावा म्हणून."

तिचे बाबा घरातून धावत आले. गजूभाऊच्या हातातली काठी हिसकली आणि तिच्यावर उगारली.

गजूभाऊनं उजवा हात मध्ये घातला. दोन बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकला.

"याले मारा, बाबा. मंदाले हात नाही लावायचा."

मग नाकातलं रक्त पुसत माझ्याकडे वळला.

"अन् तू! उद्या तुह्या बापाले घेऊन ये मागणी घालाले. नाही आला तर दुसरा दात."

आलो.

साक्षगंधात त्यानं मला डाव्या हातानं टिळा लावला. एक आत्याबाई ओरडल्या, "डाव्या हातानं नोको लावू गा!"

"मग हा मोडलेला लावू का वं?"

आज मंदा त्याच्या पायाशी बसून आहे. उठवत नाही कुणी तिला. मीही नाही.

भाऊ, तिच्याकडे मी पाहतो.

तू नीघ आता.