मॅडमच्या नावावर माझा प्रकल्प

शालेय व्यवस्थापनाच्या पदविकेला खरं काय लागलं, ते परवा बसून मोजलं. फी तर सगळेच सांगतात... माझे पंचवीस रविवार गेले, सख्ख्या साडूच्या घरची वास्तुशांत हुकली, आणि धारूर ते परळी रस्त्यानं कंबर गेली ती वेगळीच.

आमच्या तुकडीत अकरा जण. सगळे कुठल्या ना कुठल्या शाळेचे प्रभारी मुख्याध्यापक, पदविका झाली की कायम होऊ या आशेवरचे. पहिल्याच रविवारी मार्गदर्शक सर म्हणाले, "एकत्र आलात, एकत्रच बाहेर पडायचं. एकमेकांना धरून चला." मी उठून सांगून टाकलं, "सर, काळजी सोडा. या तुकडीतलं कुणी मागं राहणार न्हाई. मी हाय ना."

हे काही उगाच बोललो नव्हतो. दहावीपर्यंत आईबापांबरोबर साखर कारखान्याच्या फडात ऊस तोडलाय. टोळीत एखाद्या जोडीची गाडी भरायची राहिली, तर बाकीचे न विचारता तिच्या मोळ्या बांधायला लागतात... ती गाडी भरली की मगच सगळे कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीवर, जेवायला.

तर झालं असं... शेवटचं काम होतं प्रकल्पाचं. आपल्या शाळेची एक अडचण घ्यायची आणि ती कशी सोडवली ते लिहायचं.

धर्मापुरीकडच्या एका शाळेच्या सुरेखा मॅडम तेव्हा लागोपाठ तीन रविवार गैरहजर. पाऊस नव्हताच, गावाला टँकर यायचा रविवारी, आणि शाळेची टाकी भरून घ्यायला मॅडम स्वतः उभ्या. नाहीतर सोमवारी पोरांची खिचडी शिजत नाही.

मी फोन केला, प्रकल्पाचं कुठवर आलं म्हणून. "बघते सर," एवढंच म्हणाल्या. मागे घागरींवरून बायकांची भांडणं चाललेली... माझे कान तिखट, लगेच ओळखलं, बाई अडकली. त्यांच्या खुर्चीवर त्यांच्याच शाळेतले एक धाकटे सर डोळा ठेवून होतेच. प्रकल्प चुकला की खुर्ची गेली.

चार संध्याकाळी बसून त्यांच्या पाण्याच्या अडचणीवर मी झकास प्रकल्प लिहिला. तहसीलला अर्ज, पंचायतीला अर्ज, मग स्मरणपत्र... बायको म्हणाली, "सोताचं झालंय का?" म्हटलं, होईल. माझा मुदतीच्या शेवटच्या सकाळी उरकला आणि दोन्ही जमा करून टाकले.

दुपारी मॅडम आल्या. हातात स्वतः लिहिलेला प्रकल्प.

सरांच्या टेबलावर एका नावाचे दोन प्रकल्प. सर दोन्हीकडे बघतायत, मी खिडकीबाहेर.

मॅडम माझ्याकडं वळल्या, "सर, तुमी कावून लिहिलं? मी मागितलं होतं का?"

"तुम्ही अडकला होता ना, मॅडम..."

"अडकले कुठं? टँकरची वाट बघत तिथंच बसून लिहीत होते. लई झालं तुमचं."

सर म्हणाले, दुसऱ्याकडून लिहून घेतलं असं विद्यापीठानं धरलं तर मॅडमचं वर्ष जाईल.

मी कोरा कागद मागून लिहून दिलं... हा उद्योग माझा, मॅडमना यातलं काहीही माहीत नव्हतं. सरांनी तो कागद दोनदा वाचला आणि मॅडमच्या नावावरचा मी लिहिलेला प्रकल्प बाजूला काढला.

मग मी मॅडमचा प्रकल्प वाचायला मागितला. त्यात अर्ज एकही नव्हता. दुष्काळात गावचं दूध आटलं, म्हणून सहकारी दूध सोसायटीची मोठी टाकी रिकामी पडलेली. मॅडमनी सचिवांना गाठलं, शाळेच्या वाट्याचं पाणी त्या टाकीत उतरवायचं ठरवलं आणि तिथून शाळेपर्यंत नळी ओढली. टाकीवर लक्ष ठेवायला सोसायटीचा शिपाई. पुढच्या रविवारपासून त्या मोकळ्या.

निघताना म्हणाल्या, "सर, मदतच करायची होती तर एक रविवार टँकरजवळ येऊन उभं राहायचं." हे मला सुचलंच नव्हतं...

मला अजूनही नीट उलगडा होत नाही. बसायचं एकत्र, शिकायचं एकत्र, आणि लिहायचं मात्र ज्याचं त्यानं. फडात मोळी कुणी बांधली हे कुणी विचारत नाही. इथं हात कुठवर लावायचा आणि कुठं मागं घ्यायचा, हे कुणी शिकवलं का आणि मीच ऐकलं नाही... कळत नाही. एवढं होऊनही पुढच्या रविवारी मॅडमनी डबा माझ्यापुढं सरकवला, त्याबद्दल त्यांचे मनापासून आभार.

सोमवारी निकाल लागला. मॅडम धरून दहा जण पास. माझा प्रकल्प घाईत लिहिलेला म्हणून परत आलाय, तो आता पुढच्या तुकडीबरोबर द्यायचाय.