पत्रकाची मागची बाजू

खिडकीपलीकडे बसलेल्या माणसाच्या मानेकडे तुम्ही कधी पाहिलंय? खरं सांगा. नसणार पाहिलं. अख्ख्या रायपुरात ते पाहणारा एकच माणूस आहे आणि तो माझा मामेभाऊ निघावा, हे माझं दुर्दैव. बुढापारा मोहल्ल्यात त्याचं फर्निचरचं दुकान आहे. खिशात टेप नसेल तर तो चप्पल हरवल्यासारखा वावरतो. लग्नात सगळे नवरा-नवरीला भेटायला रांगेत, तर हा आइस्क्रीमच्या टेबलामागे शिरून वाढणाऱ्याला विचारतो, "कंबर दुखते का भैया?" मुलगी पाहायला गेला तेव्हा, "बसल्यावर तुमचं कोपर किती उंचीवर येतं?" हा त्याचा पहिला प्रश्न. ती बँकेत खिडकीवर बसणारी. तिनं त्याच्याकडूनच टेप घेतला, मोजून सांगितलं, आणि लग्न ठरलं. अशा माणसावर कोण जळेल? मी जळते.

कारण मी पत्रकं काढते. मला अक्षरओळखच बाबांच्या युनियनच्या पत्रकांवरून झाली. आई तेलीबांध्याच्या एका दवाखान्यात पर्ची, म्हणजे केसपेपर, बनवायला बसते. पेशंट उभे, ती खाली खुर्चीत, दिवसभर मान वर. शेवटी मान इतकी धरली की तिला मागच्या खोलीत फायली लावायला बसवायचं ठरलं. आईला माणसं लागतात. फायलींमध्ये ती सुकून गेली असती. मी पेटले, पत्रक छापलं, पार नव्या रायपुरापर्यंत जाऊन वाटलं: 'खिडकीमागच्या माणसाला मान द्या!'

मामेभावानं ते वाचून डोकं खाजवलं. "काहून गं, मान द्या म्हणजे? मान तर आहेच आत्यापाशी. दुखून राहिली, ते लिही ना."

"मान म्हणजे सन्मान, दादा!"

"हव," म्हणाला, आणि पत्रक उलटं करून कोऱ्या बाजूवर आईच्या डोळ्यांची उंची लिहिली.

मग तो दवाखान्याच्या डॉक्टरांकडे गेला. भाषण नाही, घोषणा नाही. त्यांना तासभर आईच्या खुर्चीत बसवलं, बस्स. मान चोळत ते म्हणाले, "बना दो." रविवारी यानं काउंटरमागची जमीनच उचलली: लाकडी चौथरा, वर जायला सौम्य उतार, पाय टेकायला फळी. एका टोकाला मात्र काउंटरही खाली आणि चौथराही नाही, चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्यासाठी.

सोमवारी आई घरी आली ती हसतच. "आज लोकांचे डोळे दिसले गं! इतकी वर्षं नुसत्या नाकपुड्या पाहिल्या." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुझं पत्रकही चांगलं होतं हं." त्या 'ही'नं माझी आठवडाभर झोप उडवली.

भांडायलाच त्याच्या दुकानात गेले. भिंतीवरच्या खिळ्याला माझी उरलेली पत्रकं टोचलेली, सगळी उलटी. प्रत्येकावर कुणाच्या तरी डोळ्यांची, कोपराची, गुडघ्याची उंची.

"पुढची बाजू वाचलीस का रे कधी?"

"वाचली ना. म्हणून तर मोजाले गेलो," तो म्हणाला आणि रंधा फिरवत राहिला.

भांडण राहूनच गेलं. जळणं अजून आहे, पण आता मी पत्रकाची मागची बाजू मुद्दाम कोरी सोडते. तुमच्या हाती एखादं आलं तर पुढची बाजू नाही वाचलीत तरी चालेल. तुमच्या रोजच्या खिडकीवर जा, पलीकडे बसलेल्या माणसाला विचारा, मान दुखते का, आणि काय उत्तर मिळतं ते मागे लिहून बुढापाऱ्यात त्याच्या दुकानी पोचवा.