कडक बारूद

मुलुंडच्या शूटिंग रेंजवर सकाळी एक काकू यायच्या. त्यांचं नाव मी कधी विचारलंच नाही. काडतुसांचं नवं खोकं उघडलं की त्या दोन-चार झाडून बघायच्या, मग कोमट रिकामी पुंगळी नाकाशी धरून डोळे मिटायच्या, आमटीची फोडणी जमली का ते बघावं तशा. बारुदीचा निळसर धूर कोवळ्या उन्हात तरंगत राहायचा आणि मी माझा नेम विसरून बघत बसायचे.

स्पर्धा तोंडावर आली होती. एका खोक्यातल्या झाडून बघितलेल्या चारही गोळ्या बरोबर मधोमध बसल्या, तरी काकूंनी ते बाजूला सारलं.

"अहो काकू, असं काय करता? हेच तर झकास आहे!"

"बारूद कडक आहे गं. झटक्याने मनगट धरतं," पिस्तूल पुसत त्या म्हणाल्या. "स्पर्धा झाल्यावरही मला सकाळी इथेच यायचंय ना."