नणंद यायच्या आदल्या दिवशी

दिवाळीला नणंद येणार असली की निगडीच्या आमच्या घरात मला पंधरा दिवस आधीपासून धाप लागायची. ती बेंगळुरूहून यायची चार दिवस, पण तिची नजर फ्रिजमागच्या भिंतीपर्यंत जायची. एरवी वर्षभर फोनवर उंटावरून शेळ्या हाकणं चालू. "वहिनी, आईला बदाम भिजवून देतेस ना?" देते की. त्या ते माझ्या अंगावर थुंकतात.

सासूबाई तीन वर्षांपासून सगळं विसरत चालल्या होत्या. घर, मुलगा, जेवण झालं की नाही, काहीच ध्यानात राहत नव्हतं. मला त्या कधी शेजारीण समजत, कधी चोर. ओळखायच्या फक्त सासऱ्यांना. सासरे रोज संध्याकाळी त्यांना गॅलरीत बसवून तेल लावून त्यांची वेणी घालायचे. केस कमरेपर्यंत होते, सगळे पांढरे. त्या वेळी त्या हळू आवाजात सासऱ्यांशी बोलायच्या, अगदी शहाण्यासारख्या. मला ते दृश्य पाहवत नसे. मी दिवसभर राबायचे आणि गोड बोलणं सासऱ्यांच्या वाट्याला यायचं.

त्या वर्षी सासऱ्यांचा खांदा आखडला. महिनाभर वेणी झाली नाही. दुसऱ्या कोणाला सासूबाई डोक्याला हात लावू देईनात. केसांचा नुसता गुंता झाला, उवा झाल्या, वासही यायला लागला. नवरा चाकणला कंपनीत. दिवाळीआधी तिथे ओव्हरटाइम, घरी फक्त झोपायला. आणि नणंदेची मुलगी झोपणार होती आजीच्याच खोलीत.

"बाबा, मी यांचे केस बारीक करते," मी म्हटलं.

"नको गं. नवरा गेल्यावर तिच्या आत्याचे केस काढले होते. लहानपणी तिनं ते बघितलंय. अजून घाबरते ती. दोन दिवस थांब, माझा हात थोडा वर जायला लागलाय."

दोन दिवस! उद्या गाडी दारात उभी राहणार होती. मी वाद घातला नाही. त्यांना पणत्या आणि झेंडू आणायला बाजारात पाठवलं. घरात पणत्या होत्या. हे मी मुद्दाम केलं, हे आज सांगून टाकते.

मग मी सासूबाईंना बाथरूममधल्या स्टुलावर बसवलं आणि कात्री चालवली. त्या ओरडल्या, मला बोचकारलं. "नको गं बाई, हे आहेत अजून! आत्ताच बाहेर गेलेत!" मी एका हाताने त्यांची मान धरून ठेवली. तासभर तेल लावून बसले असते तर गुंता सुटलाही असता. पण तो तास मला पडद्यांसाठी हवा होता. केस कापून झाल्यावर त्यांनी मानेवरून हात फिरवला आणि एकदम गप्प झाल्या. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. एक काम उरकलं म्हणून मी चकल्या तळायला गेले.

सासरे आले ते थेट खोलीत गेले. थोड्या वेळाने बाहेर येऊन हॉलमध्ये बसले. रात्रीही तिथेच सोफ्यावर झोपले. मी म्हटलं, रुसलेत, होतील सरळ. सकाळी फराळाच्या गडबडीत मी सासूबाईंच्या खोलीत डोकावलेही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी नणंद आली. बॅगा टाकून आईच्या खोलीत गेली आणि दारातच थांबली. सासूबाईंनी कुंकू पुसलं होतं. मंगळसूत्र काढून उशीवर ठेवलं होतं. पलंगाच्या काठावर बांगड्या फोडल्या होत्या, मनगटाला रक्त होतं. मुलीला त्यांनी ओळखलं, कितीतरी महिन्यांनी.

"आता आलीस? हे गेले गं. आकाशकंदील काढायला सांग, सुतक आहे."

"आई, बाबा आहेत. हे बघ, इथे उभे आहेत."

सासरे पुढे झाले. "अगं, मी आहे ना." सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. घाईने पदर डोक्यावर ओढला आणि मुलीला हळूच म्हणाल्या, "समाचाराला आलेत वाटतं. खुर्ची दे त्यांना. चहा टाक."

नणंद माझ्याकडे वळली. मी चहा टाकला. सासरे खुर्चीवर बसून तो प्यायले.

केस पुन्हा वाढले, पण सासूबाईंचा नवरा काही परत आला नाही. सासऱ्यांनी दोनचार वेळा समजावून पाहिलं. त्या इतक्या रडायच्या की त्यांनी ते सोडलं. मग रोज दुपारी चारला ते स्वच्छ शर्ट घालून खोलीच्या दारावर टकटक करायचे आणि खुर्चीवर बसायचे. त्या त्यांना आपल्या गेलेल्या नवऱ्याच्या गोष्टी सांगायच्या. माणूस किती चांगला होता, वेणी किती छान घालायचा. सासरे ऐकायचे. तासाभराने उठून बाहेर यायचे आणि माझ्याकडे न बघता गॅलरीत जाऊन उभे राहायचे.

गेल्या उन्हाळ्यात सासरे गेले. सासूबाईंना आम्ही सांगितलं नाही. त्यांच्या लेखी ते कधीच गेले होते. पण चार वाजले की त्या दाराकडे बघत बसतात. परवा मला म्हणाल्या, "ते भेटायला यायचे ते गृहस्थ हल्ली येत नाहीत. आपल्याकडून काही चुकलं का गं?"